एका हाकेला दोन उत्तरं

सी भाषेतला एक लहानसा प्रोग्रॅम आहे. त्यात आधी ‘फोर्क’ या सिस्टिम कॉलला हाक मारायची आणि परत येणारी संख्या एका चलात ठेवायची. मग एकच प्रश्न विचारायचा: ही संख्या शून्य आहे का? शून्य असेल तर ‘एक्झेक’ बोलवायचं, म्हणजे दुसराच एखादा प्रोग्रॅम सुरू करायचा. शून्य नसेल तर ‘वेट’ म्हणायचं आणि थांबून राहायचं. संपला प्रोग्रॅम. लिनक्सच्या टर्मिनलवर आपण एखादी कमांड लिहून एंटर दाबतो, तेव्हा शेल आतल्या आत हेच करत असतं.

महाराष्ट्रात संगणक अभियांत्रिकी शिकलेल्या बहुतेकांनी हा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये कधी ना कधी लिहिलेला असतो, जर्नलमध्ये उतरवलेला असतो. व्हायव्हात ‘ओळीनं तीनदा फोर्क केला तर एकूण प्रोसेस किती’ या प्रश्नाला ‘आठ’ असं उत्तरही दिलेलं असतं. उत्तर बरोबर आहे. दर वेळी असलेल्या सगळ्या प्रोसेस दुप्पट होतात, एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पण उत्तर आलं की वही मिटते. हा मजकूर कवितेसारखा ओळीओळीवर थांबून वाचावा, त्याचा रस घ्यावा, असं फारसं कुणी सांगत नाही. मला मात्र गेल्या अर्धशतकात लिहिल्या गेलेल्या अत्यंत सुंदर मजकुरांपैकी हा एक वाटतो, आणि त्याचं सौंदर्य नेमकं कुठे आहे ते दाखवावंसं वाटतं.

नजर पहिल्यांदा थांबते ती फोर्कच्या पुढच्या कंसांपाशी. ते रिकामे आहेत. नवी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमचं चालू रूप, जन्माला घालायची तर सांगण्यासारखं खूप असतं. कुठला प्रोग्रॅम चालवायचा, कुठल्या डिरेक्टरीत, कुणाच्या अधिकारानं, कुठल्या फाइली उघड्या ठेवून? विंडोजमधलं ‘क्रिएटप्रोसेस’ हे सगळं विचारून घेतं. त्याला दहा आर्ग्युमेंट्स द्यावी लागतात, आणि त्यांतली काही तर स्वतःच भलीमोठी स्ट्रक्चर्स असतात. फोर्क काहीच विचारत नाही. त्याच्यापुढे उभी असलेली प्रोसेस हाच मागणीचा सगळा तपशील. आत्ता, या क्षणी मी जशी आहे तशीच आणखी एक हवी, इतकंच तिचं म्हणणं. शब्दांनी वर्णन करण्याऐवजी नमुनाच पुढे केला आहे, त्यामुळे कंसात लिहायला काही उरतच नाही.

आता उत्तराकडे वळू. एरवी एखादं फंक्शन बोलावलं की ते एकदा परततं. फोर्क एकदा बोलावला जातो आणि दोनदा परततो. मूळ प्रोसेसमध्ये तो परततो तेव्हा त्याच्या हातात नव्या प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पीआयडी असतो. नव्या प्रोसेसमध्ये परततो तेव्हा शून्य. काही कारणानं जमलंच नाही, मेमरी पुरली नाही किंवा त्या वापरकर्त्याला ठरवून दिलेली प्रोसेसची मर्यादा संपली, तर उणे एक, आणि मग परतणारी प्रोसेस मूळ एकटीच.

ही वाटणी वरवर पाहता असमान आहे. एकीला क्रमांक मिळतो, दुसरीला शून्य. पण त्यात फार नेमका विचार आहे. नव्या प्रोसेसला आपली पेरेंट कोण हे केव्हाही विचारता येतं, त्यासाठी वेगळा सिस्टिम कॉल आहे आणि उत्तर एकच असू शकतं. मूळ प्रोसेसला मात्र अनेक चाइल्ड प्रोसेस असू शकतात. त्यांतली आत्ता जन्मलेली कुठली, हे तिला याच क्षणी सांगितलं नाही तर नंतर विचारायला सोपी जागा नाही. म्हणून माहिती जिला गरज आहे तिलाच मिळते. आणि शून्य क्रमांक कुठल्याच सामान्य प्रोसेसला दिला जात नसल्यामुळे ‘मी कोण’ या प्रश्नाचं उत्तर एका तुलनेत मिळून जातं.

हे शून्य येतं कुठून, ते पाहण्यासारखं आहे. लिनक्सच्या कर्नेलचा, म्हणजे गाभ्याचा, सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या भागात, नव्या प्रोसेससाठी मूळ प्रोसेसची सगळी जपून ठेवलेली रजिस्टर्स जशीच्या तशी उतरवली जातात. त्यानंतर एक छोटी ओळ येते. ज्या रजिस्टरमधून सिस्टिम कॉलचं उत्तर परत जातं, त्यात ती शून्य भरते. हे घडतं तेव्हा नवी प्रोसेस अजून एकदाही चाललेली नसते. तिनं फोर्कला कधी हाक मारलेलीच नाही. हाक मारली गेली तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती. तरीही तिला जाग येते ती हाक मारून परतणाऱ्याच्या जागी, हातात उत्तर घेऊन. तिच्या स्टॅकवर आधीच्या सगळ्या फंक्शनांचे परतीचे पत्ते आहेत, चलांमध्ये आधी केलेल्या हिशेबांचे आकडे आहेत. तिला आठवणारा सगळा भूतकाळ खरा आहे आणि तो दुसरीचा आहे. प्रोग्रॅमिंगमधला इतका हलवून टाकणारा क्षण मला दुसरा माहीत नाही, आणि तो एका असाइनमेंटमध्ये मावलेला आहे.

युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे नोव्हेंबर १९७१मध्ये, हा फरक असेंब्ली भाषेत आणखी उघड दिसतो. तिथे नवी प्रोसेस फोर्कच्या लगेच पुढच्या सूचनेवर परतते आणि मूळ प्रोसेस ती एक सूचना ओलांडून त्याच्या पुढच्या जागी परतते. दोघी जणी कोण आहेत हे त्या कुठे उतरल्या यावरून ठरतं. सी भाषेत आल्यावर जागेचा हा फरक संख्येच्या फरकात बदलला, आणि ‘शून्य आहे का’ हा प्रश्न लिहिण्याची वेळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर आली. मला हा बदल चांगला वाटतो. जुन्या पद्धतीत फाटा नुसता घडायचा. नव्या पद्धतीत प्रत्येक प्रोसेस तो प्रश्न स्वतः विचारते.

फोर्कनंतर दोघींनाही एकाच चलाचा पत्ता छापायला सांगा. पत्ता अगदी तोच येईल, शेवटच्या अंकापर्यंत. मग एकीला त्या चलात ५ भरायला सांगा, दुसरीला ७, आणि पुन्हा छापा. पत्ता अजून एकच, किंमती वेगळ्या. व्हर्च्युअल मेमरी या कल्पनेवर पानंच्या पानं लिहिता येतात, पण ती पटते या दोन ओळींच्या छापील निकालानं. पत्ता ही मेमरीतली प्रत्यक्ष जागा नसून प्रत्येक प्रोसेसपुरतं एक नाव आहे, आणि त्या नावामागची खरी जागा कुठली हे कर्नेल व प्रोसेसरमधलं मेमरी मॅनेजमेंट युनिट मिळून ठरवतात.

ही खरी जागा फोर्कच्या क्षणी लगेच वेगळी होत नाही, आणि आधुनिक फोर्कची शहाणीव तिथे आहे. मूळ प्रोसेसकडे शेकडो मेगाबाइट मेमरी असेल तर ती सगळी नकलून काढायला वेळ लागेल, आणि पुढच्याच क्षणी नवी प्रोसेस एक्झेक करून ती नक्कल टाकून देणार असेल तर तो वेळ वाया जाईल. म्हणून कर्नेल मेमरीची नक्कल न करता फक्त पेज टेबल, म्हणजे कुठल्या नावामागे कुठली जागा याची यादी, नकलून देतं आणि लिहिण्याजोगी सगळी खासगी पेजेस दोघींसाठी ‘फक्त वाचा’ अशी करून ठेवतं. सुट्या पानांची एकच पोथी दोघांनी वाचावी, आणि जो समासात टिपण करायला लेखणी टेकवील त्याला तेवढंच पान नकलून द्यावं, तसं हे चालतं. लिहिण्याचा प्रयत्न झाला की प्रोसेसर अडवतो, पेज फॉल्ट होतो, कर्नेल येऊन पाहतं की हे पेज दोघींच्या सामाईक मालकीचं आहे, सहसा ४०९६ बाइटचं तेवढंच पेज नकलून देतं, आणि अडलेली सूचना पुन्हा चालवली जाते. प्रोसेसला यातलं काही कळत नाही. या पद्धतीला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात. फोर्कनं दिलेलं वचन पूर्ण नकलेचं आहे, आणि ते पाळलं जातं मागणीपुरतं. वचनात कुठेही खोट येत नाही.

सुरुवातीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. आणि फोर्क जसा आहे तसा का झाला हे समजायचं असेल तर त्या सुरुवातीकडेच जावं लागतं.

फोर्क ही कल्पना युनिक्सच्या आधीची. मेल्विन कॉनवे यांनी १९६३मध्ये अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्राच्या रचनेवर एक निबंध सादर केला. त्यात कामाला फाटा फोडणारा ‘फोर्क’ आणि फाटे पुन्हा एकत्र आणणारा ‘जॉइन’ अशी जोडी होती. बर्कलीला एसडीएस-९४० या यंत्रासाठी जी टाइम-शेअरिंग प्रणाली बनली, तिच्यातही नवी प्रोसेस निर्माण करणं आणि तिला प्रोग्रॅम नेमून देणं या गोष्टी वेगळ्या होत्या. केन थॉम्प्सन बर्कलीत शिकले होते आणि ती प्रणाली त्यांना चांगली ठाऊक होती. पुढे न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये, त्यांनी आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर युनिक्स उभं केलं. तिथे काय घडलं याची हकीकत रिची यांनी युनिक्सच्या उत्क्रांतीवरच्या आपल्या निबंधात सांगितली आहे. फोर्कच्या कुठल्याही वाचकानं ती वाचायलाच हवी.

त्या पहिल्या युनिक्समध्ये प्रोसेस होत्या दोनच. यंत्राला दोन टर्मिनल जोडलेले होते, प्रत्येकाला एक. फोर्क नव्हता, वेट नव्हता, एक्झेकही नव्हता. शेल कमांड वाचायचं, तो प्रोग्रॅम असलेली फाइल उघडायचं, मग मेमरीच्या वरच्या टोकाला एक छोटा बूटस्ट्रॅप ठेवून त्यात उडी मारायचं. तो बूटस्ट्रॅप नवा प्रोग्रॅम थेट शेलच्याच अंगावर उतरवायचा. शेल पुसलं जायचं. प्रोग्रॅमचं काम संपलं की ‘एक्झिट’ पुन्हा डिस्कवरून शेलची ताजी प्रत आणून त्याच्या जागी बसवायचं. म्हणजे प्रत्येक कमांडमागे शेलचा एक मृत्यू आणि एक जन्म.

यात बदल करायचा ठरला तेव्हा हाताशी काय होतं ते पाहा. प्रोसेसची नोंद ठेवणारं टेबल होतं, लहानसं. मेमरीतली प्रोसेस डिस्कवर नेऊन ठेवण्याची आणि परत आणण्याची, म्हणजे स्वॅपिंगची यंत्रणा होती. मग चालू प्रोसेस डिस्कवर नेऊन ठेवायची आणि मेमरीतली पुसायचीच नाही, तर एकाच्या दोन झाल्या की. टेबल वाढवायचं, एक नवी नोंद करायची, स्वॅपिंगच्या तयार कोडला बोलवायचं. पीडीपी-७वरचा फोर्क असेंब्ली भाषेच्या बरोबर २७ ओळींत बसला, असं रिची लिहितात. प्रोसेस हाताळण्याची ही सगळी नवी रीत दोनेक दिवसांत आखून चालूही झाली.

याच निबंधात रिची आणखी एक प्रामाणिक गोष्ट सांगतात. फोर्क आणि एक्झेक वेगळे ठेवण्यामागचं मुख्य कारण, त्यांच्या अंदाजानं, हेच की तसं करणं सोपं होतं. दोन्ही एकत्र करणारा कॉल लिहायचा तर बरंच जास्त काम पडलं असतं, कारण एक्झेक म्हणून कर्नेलमध्ये काही नव्हतंच, ते काम शेल स्वतःच्या हातानं करत होतं. म्हणजे ज्या रचनेचं मी इथे कौतुक करतो आहे ती कुणी सौंदर्याचा विचार करून मांडलेली नाही. लहान यंत्र, थोडी मेमरी आणि आधीच लिहून ठेवलेला कोड यांनी ती घडवली. यामुळे माझ्या लेखी तिचं मोल कमी होत नाही. छंदाच्या सक्तीतून कवीला न सुचलेली ओळ सुचावी, असं कारागिरीत नेहमी घडतं. मात्र सुचलेली ओळ चांगली आहे हे ओळखून ती जपणारा हवा, आणि थॉम्प्सन व रिची तसे होते.

फोर्क आल्यावर दोन गोष्टी बिघडल्या, आणि दोन्ही बिघाड फोर्कचा अर्थ उलगडून दाखवतात. पहिला बिघाड डिरेक्टरी बदलण्याच्या कमांडचा. ती अचानक काम करेनाशी झाली. कोड पुन्हा पुन्हा वाचून पाहिला, त्यात चूक दिसेना. मग उलगडा झाला. आधी ती कमांड शेलच्याच प्रोसेसमध्ये चालायची, कारण दुसरी प्रोसेसच नव्हती. आता तिच्यासाठी नवी प्रोसेस जन्मायची, ती आपली डिरेक्टरी अगदी व्यवस्थित बदलायची आणि लगेच संपून जायची. शेल होतं तिथेच. म्हणून ही कमांड शेलच्या पोटात घ्यावी लागली, आणि आज, पन्नासहून अधिक वर्षांनी, लिनक्सवर ‘सीडी’ शेलचीच अंगभूत कमांड आहे. चाइल्ड प्रोसेसला सगळं मिळतं, पण तिनं स्वतःत केलेला बदल वर जात नाही, हा नियम यापेक्षा स्वच्छ रीतीनं सांगता येणार नाही.

दुसरा बिघाड याच्या उलट दिशेचा होता. एका फाइलमध्ये दोन कमांड लिहून, शेलला त्या फाइलवरून चालवून, दोन्हींचा निकाल एकाच फाइलमध्ये घ्यायचा होता. पहिल्या कमांडचा निकाल लिहिला गेला आणि दुसरीनं आपला निकाल त्याच्याच अंगावर लिहिला. कारण फाइलमध्ये आपण कुठवर आलो आहोत याची खूण प्रत्येक प्रोसेसच्या आत होती. पहिल्या चाइल्डनं आपली खूण पुढे नेली, ती शेलला कळलीच नाही, आणि दुसरी चाइल्ड जन्मली ती शेलची जुनी खूण घेऊन. उपाय म्हणून या खुणा प्रोसेसच्या बाहेर काढून कर्नेलच्या एका सामाईक टेबलात ठेवल्या. त्यामुळे आजही फोर्कनंतर दोघींची मेमरी वेगळी असते, पण आधी उघडलेल्या फाइलमधली जागा सामाईक राहते. एकीनं दहा बाइट वाचले की दुसरी अकराव्यापासून वाचते. ‘सगळ्याची नक्कल होते’ असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षक इथे अडवतात, आणि ते योग्यच आहे. काय वेगळं व्हायचं आणि काय सामाईक राहायचं यातली रेषा अनुभवानं आखली गेली आहे.

मी सुरुवातीला सांगितलेल्या प्रोग्रॅममधली सगळ्यात अर्थपूर्ण जागा कुठली, असं कुणी विचारलं तर मी फोर्क आणि एक्झेक यांच्या मधल्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवीन. त्या जागी नवी प्रोसेस जन्मलेली असते, पण तिचा प्रोग्रॅम अजून शेलचाच असतो. शेलला जे जे ठाऊक आहे ते तिला ठाऊक असतं. आणि ती जे करील त्याचा शेलवर परिणाम होणार नसतो. सीडीच्या बाबतीत जो बिघाड वाटला होता, तोच इथे वरदान ठरतो.

समजा कमांडचा निकाल पडद्यावर न येता एका फाइलमध्ये जावा असं आपण शेलला सांगितलं. तर नवी प्रोसेस या मोकळ्या जागेत आपला एक नंबरचा डिस्क्रिप्टर, म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, बंद करते आणि ती फाइल उघडते. फाइल उघडली की तिला मोकळा असलेला सगळ्यात लहान नंबर मिळतो, असा युनिक्सचा नियम आहे. शून्य नंबर कीबोर्डकडे आहे, म्हणून फाइलला मिळतो एक. मग एक्झेक. नवा प्रोग्रॅम उतरतो, शेलचा कोड पुसला जातो, पण उघडलेल्या फाइली तशाच राहतात. तो प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे एक नंबरवर लिहीत राहतो आणि ते सगळं फाइलमध्ये जाऊन पडतं. डिरेक्टरीची यादी करणाऱ्या प्रोग्रॅमला, शब्द मोजणाऱ्या प्रोग्रॅमला, ओळी लावणाऱ्या प्रोग्रॅमला, कुणालाही ‘निकाल फाइलमध्ये घ्या’ हे शिकवावं लागलं नाही. बेल लॅब्जमधल्याच डग मॅक्इलरॉय यांच्या आग्रहातून पुढे पाइप आले, एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट झालं, तेव्हा त्यांनाही हीच मोकळी जागा पुरली. शेल पाइप तयार करतं, दोनदा फोर्क करतं, दोन्ही चाइल्ड आपापलं टोक शून्य किंवा एक नंबरला जोडून घेतात आणि आपापल्या प्रोग्रॅमला वाट करून देतात.

अधिकार कमी करायचे असोत, डिरेक्टरी बदलायची असो, एन्व्हायरन्मेंट बदलायचं असो, सगळं याच जागेत, नेहमीच्याच सिस्टिम कॉलनी होतं. ‘नव्या प्रोसेससाठी अमुक करा’ असं सांगणारी वेगळी भाषा लागत नाही, कारण ती प्रोसेस स्वतःच स्वतःसाठी ते करते. क्रिएटप्रोसेसची दहा आर्ग्युमेंट्स जे सांगू पाहतात ते इथे प्रोग्रॅमच्या ओळींनी सांगितलं जातं, आणि उद्या एखादी नवी सोय निघाली तर फोर्कमध्ये काही बदलावं लागत नाही. रिकाम्या कंसांचं रहस्य हे आहे. जे कंसात लिहायचं ते सगळं या मोकळ्या जागेत लिहायचं ठरलं.

वेटबद्दल थोडक्यात. मूळ प्रोसेस वेट म्हणून थांबते आणि चाइल्ड संपली की तिचा शेवटचा निकाल घेते. शेलनं वेट म्हटलंच नाही आणि लगेच पुढची कमांड मागितली, तर आधीची पार्श्वभूमीवर चालत राहते. कमांडच्या शेवटी ‘अँड’चं चिन्ह लिहिलं की मुळात एवढंच घडतं. संपलेल्या चाइल्डची मेमरी मोकळी होते, पण तिची नोंद टेबलात राहते, कारण निकाल अजून कुणी नेलेला नसतो. अशीला ‘झाँबी’ म्हणतात. पेरेंटच आधी संपली तर पोरक्या चाइल्डला सामान्यतः एक नंबरची प्रोसेस आपल्याकडे घेते आणि तिचाही शेवटचा निकाल न चुकता घेते. सिस्टिम सुरू झाल्यावर पहिली जन्मलेली ही प्रोसेस, आणि शेवटपर्यंत जागी राहण्याची जबाबदारी तिचीच.

नक्कल पूर्ण असते याचे काही परिणाम त्रासाचेही आहेत. फोर्कच्या आधी ‘नमस्कार’ छापायला सांगा, पण नवी ओळ न देता. शब्द लगेच पडद्यावर जात नाही, तो लायब्ररीच्या बफरमध्ये थांबतो. फोर्कनं तो बफरही नकलला जातो, आणि दोन्ही प्रोसेस संपताना आपापला बफर रिकामा करतात. एकदा लिहिलेला नमस्कार दोनदा उमटतो. फोर्कच्या आधी रँडम संख्यांचं बीज ठरवलं असेल तर साध्या लायब्ररीत दोघींना पुढे त्याच ‘अनपेक्षित’ संख्या त्याच क्रमानं मिळतात. सुरक्षेच्या कामात ही गोष्ट घातक ठरू शकते.

टीकाकारांचं म्हणणं यापेक्षा खोल आहे आणि ते आदरानं ऐकावं असं आहे. २०१९मध्ये अँड्र्यू बाउमन, जोनाथन अॅपावू, ओरान क्रीगर आणि टिमथी रॉस्को यांनी फोर्कविरुद्ध एक निबंध लिहिला. फोर्क आता शिकवतानाही ऐतिहासिक वस्तू म्हणून शिकवावा, असा त्यांचा रोख आहे. त्यांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा थ्रेडचा, म्हणजे एकाच प्रोसेसच्या आत चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा. १९७०च्या आसपास एका प्रोसेसमध्ये एकच थ्रेड असायचा. आज डझनावारी असतात. फोर्कनंतर चाइल्डमध्ये जिवंत राहतो तो फक्त फोर्कला बोलावणारा थ्रेड. बाकीचे नाहीसे होतात, पण त्यांनी लावलेली कुलुपं मेमरीत तशीच नकलली जातात. किल्ली ज्याच्याकडे होती तोच उरलेला नाही, आणि चाइल्ड अशा कुलपाशी गेली की कायमची अडकते. दुसरा मुद्दा वेळेचा. कॉपी ऑन राइट असलं तरी प्रचंड मेमरीच्या प्रोसेसचं नुसतं पेज टेबल नकलायलाही वेळ लागतो. तिसरा मेमरीच्या वचनाचा. प्रत्येक फोर्कनंतर कर्नेल दुप्पट मेमरीचं वचन देऊन बसतं आणि ती खरोखर मागितली गेली तर पुरवू शकेलच असं नसतं. खर्चाची ही जाणीव जुनीच आहे. बर्कलीच्या मंडळींनी १९७९च्या ३बीएसडीमध्ये ‘व्हीफोर्क’ आणला. त्यात चाइल्ड पेरेंटचीच मेमरी वापरते आणि ती एक्झेक किंवा एक्झिट करेपर्यंत पेरेंट थांबून राहते.

हे सगळे मुद्दे मला मान्य आहेत. आज कुणी नवा प्रोग्रॅम लिहीत असेल, त्यात पुष्कळ थ्रेड असतील आणि त्याला फक्त दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचा असेल, तर त्यानं ‘पॉझिक्स स्पॉन’सारखा एकत्रित कॉल वापरावा. पण त्याच कॉलची रचना पाहा. फाइली बंद करणं, उघडणं, डिस्क्रिप्टर जोडणं यांची यादी आधी एका वस्तूत भरून द्यावी लागते. मोकळ्या जागेत ज्या ओळी सरळ लिहिल्या जात, त्यांच्यासाठी आता एकेक वेगळं फंक्शन आहे. फोर्कची जागा घेणाऱ्यालाही त्या मोकळ्या जागेची नक्कल करावी लागते, आणि त्या जागेला माझ्या लेखी यापेक्षा मोठी दाद नाही.

आणि एक्झेक न करता नुसता फोर्क वापरण्याचं कामही संपलेलं नाही. रेडिस हा डेटाबेस मेमरीतला सगळा डेटा डिस्कवर जपून ठेवताना फोर्क करतो. चाइल्डला फोर्कच्या क्षणाचं गोठलेलं चित्र मिळतं आणि ती ते निवांत लिहून काढते, तोवर मूळ प्रोसेस ग्राहकांच्या विनंत्या घेत राहते. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी युनिक्सवर फोर्क करून एक नवी प्रोसेस उभी करतो. आणि अँड्रॉइड फोनमध्ये ‘झायगोट’ नावाची एक प्रोसेस असते. फोन सुरू होताना ती अॅप्सना लागणारे असंख्य क्लासेस आणि सामाईक साधनं आधीच मेमरीत चढवते आणि मग वाट पाहत राहते. आपण एखादं अॅप उघडतो आणि ते आधीपासून चालू नसतं, तेव्हा सिस्टिम झायगोटला किंवा तिच्याच घडणीच्या जोड-प्रोसेसला सांगते आणि ती फोर्क करते. इथे पुढे एक्झेक येत नाही. चढवलेले क्लासेस पुन्हा चढवावे लागत नाहीत, आणि जोवर कुणी लिहीत नाही तोवर सगळी अॅप्स तीच पेजेस सामाईक वापरतात. शेलच्या फोर्कमध्ये वारसा लगेच टाकून द्यायचा असतो, झायगोटच्या फोर्कमध्ये तो वारसा हाच हेतू असतो. थ्रेडच्या बाबतीतही झायगोटच्या कर्त्यांनी फोर्कची जुनी अट मान्य केली आहे. फोर्कच्या आधी ती प्रोसेस आपल्या आतले मेमरी आवरण्याचे वगैरे थ्रेड थांबवते, ते खरोखर संपल्याची खात्री करून घेते, आणि एकच थ्रेड उरला की मगच फोर्कला हाक मारते. ते थ्रेड नंतर दोन्ही बाजूंना पुन्हा सुरू होतात.